गुडघ्यातील स्टिरॉइडचे इंजेक्शन: साखर, रक्तस्राव आणि तिसऱ्या आठवड्यातला थकवा

तुम्ही आईंबद्दल जे कळवले आहे ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईंचे वय 59. मधुमेह 11 वर्षांपासून आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, पाळी जाऊन 8 वर्षे झाली. गौरी-गणपतीच्या कामात उभे राहता यावे म्हणून सणाच्या चार दिवस आधी त्यांनी दोन्ही गुडघ्यांत एकाच बैठकीत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शने घेतली, प्रत्येकी 40 मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी चेहरा लाल आणि गरम झाला. तिसऱ्या दिवशी जेवणानंतरची साखर 340 आली, म्हणून ग्लिमेपिराइड दुप्पट केले गेले. नवव्या दिवशी अंगावरून लाल डाग गेले आणि ते दोन दिवस टिकले. आता तिसरा आठवडा संपत आला आहे, गुडघे उत्तम आहेत, पण आईंना विलक्षण थकवा आहे, सकाळी मळमळते आणि उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हे सगळे इंजेक्शनमुळे झाले का, ते आपोआप जाईल का, आणि तीन महिन्यांनी सांगितलेले पुढचे इंजेक्शन घ्यावे का, असे तुमचे प्रश्न आहेत.

या चारही तक्रारींचा इंजेक्शनशी संबंध असू शकतो, परंतु चारही एका मापाने मोजता येणार नाहीत. चेहऱ्याच्या लालीसाठी काहीही करावे लागत नाही. साखरेकडे लक्ष द्यावे लागेल, तेही आता उलट्या दिशेने, म्हणजे ती उतरत तर नाही ना हे पाहण्यासाठी. थकवा आणि अंधारी यांची तपासणी याच आठवड्यात व्हायला हवी. आणि रक्तस्राव इंजेक्शनमुळे झाला असण्याची शक्यता कितीही असली, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तो तपासून घेतल्याशिवाय सोडून देऊ नये. माझे संपूर्ण उत्तर या चार वाक्यांत आले आहे. पुढे लिहितो आहे ते कारण समजावे म्हणून. कारण समजले, तर पुढच्या वेळी काय विचारायचे हे तुमचे तुम्हालाच कळेल.

सांध्यात दिलेले औषध सांध्यातच राहते, अशी समजूत फार खोल रुजलेली आहे, आणि ती का रुजली हे समजण्यासारखे आहे. 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली आणि 1950 साली हेंच, केंडल आणि रायशस्टाइन यांना त्या कामाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण पाठोपाठ सुजलेले चेहरे, वाढलेली साखर आणि ठिसूळ हाडेही दिसू लागली. तेव्हा 1951 साली फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलँडर यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात देण्याचा अनुभव मांडला. दुखणे जिथे आहे तिथेच औषध जाईल आणि बाकीचे शरीर वाचेल, ही त्यामागची आशा होती. ती बऱ्याच अंशी खरी ठरली, मात्र पूर्ण खरी ठरली नाही. सांध्याच्या आतल्या अस्तराला रक्तपुरवठा भरपूर असतो. औषधाचे बारीक स्फटिक त्या अस्तरावर बसतात, हळूहळू विरघळतात आणि विरघळलेले औषध रक्तात उतरते. ट्रायमसिनोलोन सावकाश विरघळते, म्हणून सांध्यात त्याचा गुण अधिक दिवस राहतो, आणि त्याच कारणाने रक्तातही ते थोडे थोडे करून अधिक दिवस झिरपत राहते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 1 जानेवारी 2022 पासून खेळाडूंनी स्पर्धेच्या काळात कोणत्याही मार्गाने घेतलेल्या स्टिरॉइड इंजेक्शनवर बंदी घातली, त्यात सांध्यातले इंजेक्शनही आले. ट्रायमसिनोलोन सांध्यात घेतल्यास स्पर्धेआधी किमान 10 दिवस जाऊ द्यावेत, असे ती संस्था सांगते. गुडघ्यातले औषध गुडघ्यातच राहिले असते, तर खेळाडूच्या लघवीत ते सापडले नसते.

आता मात्रा पाहू. 4 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन म्हणजे 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि तेच म्हणजे 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, असा ढोबळ हिशेब आम्ही धरतो. आईंना दोन्ही गुडघे मिळून 80 मिलिग्रॅम मिळाले. हे 400 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या बरोबरीचे झाले, आणि निरोगी प्रौढ शरीर दिवसाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल, म्हणजे स्वतःचे नैसर्गिक स्टिरॉइड, तयार करते. हे औषध एका दिवसात रक्तात उतरत नाही, काही आठवड्यांत विभागले जाते, त्यामुळे ही तुलना शब्दशः घेऊ नये. तरीही एवढे लक्षात येईल की पहिले दोन-तीन आठवडे आईंचे शरीर स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या माणसासारखेच वागत होते. फक्त हातात गोळी नसल्याने ते कोणाच्या लक्षात आले नाही.

चेहऱ्याची लाली ही त्याची पहिली खूण. इंजेक्शननंतर साधारण दिवसाभरात चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग तापतो, लाल होतो आणि एक ते तीन दिवसांत ओसरतो. स्त्रियांमध्ये हे अधिक दिसते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठणे, खाज, ओठ-जीभ सुजणे किंवा धाप लागणे यांपैकी काही असते, तर गोष्ट वेगळी होती. त्याच दोन-तीन रात्री झोप न लागणे, उगाच हुशारी किंवा चिडचिड वाटणे, रक्तदाब थोडा चढणे हेही घडू शकते.

साखरेविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मधुमेही रुग्णांना या बाबतीत जे सांगितले जाते ते बहुतेक वेळा अर्धेच असते. स्टिरॉइडमुळे यकृत अधिक साखर सोडते आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. इंजेक्शननंतर काही तासांतच साखर चढू लागते, पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वांत जास्त असते आणि बहुतेकांची आठवडाभरात मूळ पातळीजवळ येते. मात्रा मोठी असेल किंवा दोन सांधे एकदम घेतले असतील, तर अधिक दिवस लागतात. ही वाढ जेवणानंतरच्या साखरेत ठळक दिसते. फक्त उपाशीपोटीची साखर तपासून समाधान मानणारे रुग्ण म्हणूनच फसतात. आईंच्या बाबतीत यात पुढे सणाचीही भर पडली असणार. उकडीचे मोदक, गौरीच्या नैवेद्याची पुरणपोळी आणि दिवसभराची धावपळ यांत जेवणाची वेळ पाळली जात नाही. 340 ही साखर मात्र सणाच्या आधीची, म्हणजे ती मुख्यतः इंजेक्शनची आहे.

हे झाले पहिल्या आठवड्याचे. वाढलेल्या साखरेवर ग्लिमेपिराइड दुप्पट केले, हे त्या दिवशी समजण्यासारखे होते. पण इंजेक्शनचा जोर उतरला, सण संपला, जेवण पुन्हा भाजी-भाकरीवर आले, तरी गोळी तशीच दुप्पट राहिली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग गरज असो वा नसो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात आईंना येणारी अंधारी ही साखर उतरल्याचीही असू शकते. ग्लुकोमीटर घरी आहे असे तुम्ही लिहिले आहे. उद्या सकाळी चहाच्या आधी, दुपारच्या जेवणाआधी आणि अंधारी येईल त्या क्षणी साखर मोजा आणि वहीत वेळेसकट लिहा. 70 च्या खाली एकही आकडा आला, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा आणि गोळी कमी करण्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आकडा 70 च्या खाली गेला नसला, तरी वाढवलेली गोळी पूर्ववत करायची का, हा प्रश्न या आठवड्यात त्यांच्यापुढे ठेवाच. स्टिरॉइडसाठी वाढवलेली गोळी किंवा इन्सुलिन किती दिवसांनी खाली आणायचे, हे वाढवतानाच कागदावर लिहिले गेले पाहिजे. हे लिहिण्याची सवय आपल्याकडे फार कमी आहे, आणि त्यामुळे होणारा त्रास मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

साखर व्यवस्थित असूनही अंधारी येत असेल, तर विचार अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा करावा लागतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या दोन लहान ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात आणि त्यांना हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. बाहेरून स्टिरॉइड आले की पीयूषिकेला वाटते, रक्तात पुरेसे आहे, आणि हुकूम थांबतो. ज्या घरात दोन्ही वेळचा डबा येतो त्या घरात चूल पेटत नाही. डबा अचानक बंद झाला, तर पहिल्या दिवशी सरपण, शिधा, भांडी सगळेच नव्याने जमवावे लागते आणि तोवर घर उपाशी राहते. सांध्यात इंजेक्शन दिल्यावर एक-दोन दिवसांतच रक्तातले स्वतःचे कॉर्टिसॉल घसरते आणि बहुतेकांत एक ते चार आठवड्यांत ते पूर्ववत होते. काही जणांत मात्र अधिक काळ लागतो. दोन सांधे एकाच दिवशी, मोठी मात्रा, थोड्या थोड्या अंतराने वारंवार इंजेक्शने, किंवा जोडीला स्टिरॉइडचा पंप, गोळ्या वा मलम चालू असणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

नेदरलँड्समधील संशोधकांनी 2015 साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सांध्यात स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक जणांत, 52.2 टक्के, अ‍ॅड्रिनल ग्रंथी चाचणीला पुरेसा प्रतिसाद देत नसल्याचे आढळले. हा आकडा वाचून घाबरून जाऊ नये. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे, आजारी पडलेल्या माणसांचा नाही. यांतील बहुतेकांना काहीही जाणवत नाही आणि ग्रंथी आपोआप कामाला लागतात. पण तेवढ्या आठवड्यांत शरीरावर मोठा ताण आला, म्हणजे जोराचा ताप, जुलाब-उलट्या, अपघात किंवा मोठी शस्त्रक्रिया, तर वाढीव कॉर्टिसॉल कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो. आषाढी वारीला चालता यावे म्हणून आठ-दहा दिवस आधी गुडघ्यांत इंजेक्शन घेऊन निघणारे वारकरी माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यांना मी थांबवत नाही, चालण्याची त्यांची ओढ मला कळते. परंतु इंजेक्शनचे नाव, मात्रा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात असावी, असा माझा आग्रह असतो. वाटेत उलट्या-जुलाब होऊन रक्तदाब उतरला आणि सलाइन लावूनही चढेना, तर वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांना ती चिठ्ठी पाहून 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन लगेच देता येते. तेच इंजेक्शन अशा वेळी जीव वाचवते.

आईंची लक्षणे, म्हणजे थकवा, सकाळची मळमळ आणि उभे राहताना अंधारी, या चित्रात बसतात. म्हणून त्यांची सकाळी 8 च्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉलची चाचणी करून घ्या. सोबत सोडियम, पोटॅशियम आणि साखर, आणि दवाखान्यात झोपून व उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब. कॉर्टिसॉल 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल, तर ग्रंथी जागी झाली आहे असे मानता येते. 5 च्या खाली असेल, तर ती अजून झोपलेली आहे आणि लक्षणे असताना हायड्रोकॉर्टिसोनच्या छोट्या मात्रेच्या गोळ्या काही आठवडे द्याव्या लागतात. 5 ते 10 च्या मध्ये असेल, तर लक्षणे पाहून, काही आठवड्यांनी पुन्हा तपासून किंवा एसीटीएचचे, म्हणजे पीयूषिकेचा हुकूम नेणाऱ्या संप्रेरकाचे, इंजेक्शन देऊन ग्रंथीची क्षमता मोजून निर्णय होतो. युरोपातील आणि अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थांनी 2024 साली संयुक्तपणे काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आकडे आहेत. दुपारी कधीतरी घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही, कारण कॉर्टिसॉल सकाळी चढते आणि रात्री उतरते. प्रेडनिसोलोनची गोळी चालू असेल, तर ती घेण्याआधीच रक्त द्यावे, कारण अनेक यंत्रे प्रेडनिसोलोनलाच कॉर्टिसॉल समजतात. आणि अंग गळून गेले आहे म्हणून घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या आईंना स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्याने दोन दिवस तरतरी येईल, पण ग्रंथी पुन्हा झोपेल. मात्र उलट्या थांबत नसतील, आई गुंगीत असतील किंवा वरचा रक्तदाब 90 च्या खाली असेल, तर चाचणीची वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि पोहोचताच इंजेक्शनविषयी सांगा.

आता रक्तस्रावाविषयी. स्टिरॉइडमुळे पीयूषिकेकडून बीजकोशांना जाणारे संदेशही काही काळ मंदावतात. ज्या स्त्रियांची पाळी चालू आहे त्यांच्यात त्यामुळे अंडे सुटण्याची वेळ पुढे सरकते किंवा तो महिना चुकतो. पाळी लवकर, उशिरा, जास्त किंवा मध्येच डाग, असे काहीही होऊ शकते. ट्रायमसिनोलोनच्या स्थानिक इंजेक्शननंतर पाळीत बदल झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 1998 साली नेदरलँड्समधूनच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निम्म्याच्या आसपास होते. एवढी सामान्य गोष्ट असूनही खांद्यात, मनगटात किंवा टाचेत इंजेक्शन देताना ती क्वचितच सांगितली जाते. मग चाळिशीतली बाई आपली पाळी बिघडली म्हणून सोनोग्राफ्या करत फिरते आणि महिन्यापूर्वीच्या टाचेच्या इंजेक्शनची आठवण कोणालाच येत नाही. बहुतेकींची पाळी एक-दोन चक्रांत मार्गावर येते. बाळासाठी प्रयत्न चालू असतील, तर इंजेक्शन पुढे ढकलता येते का हे आधी विचारावे. अंगावर पाजणाऱ्या आईने मनगटाच्या दुखण्यासाठी असे इंजेक्शन घेतल्यावर काही दिवस दूध कमी झाल्याच्या नोंदीही आहेत. बाळाला उचलून उचलून मनगट दुखणे हे बाळंतिणींचे नेहमीचे दुखणे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन काही दिवस उतरते, पण त्याने सहसा काही जाणवत नाही.

पाळी गेलेल्या स्त्रीला इंजेक्शननंतर थोडा रक्तस्राव होऊ शकतो, हेही खरे आहे. परंतु आईंचे वय, मधुमेह आणि पाळी जाऊन झालेली 8 वर्षे पाहता हे कारण गृहीत धरण्याचा अधिकार ना मला आहे, ना तुम्हाला. रजोनिवृत्तीनंतरचा कोणताही रक्तस्राव, मग तो एक डाग का असेना, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही हे पाहिल्याशिवाय सोडायचा नसतो, आणि मधुमेह व वाढलेले वजन या दोन्हींनी तो धोका वाढतो. तपासणी अवघड नाही. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी 4 मिलिमीटर किंवा कमी असेल आणि पुन्हा रक्त गेले नाही, तर बहुधा तिथेच थांबता येते. जाडी अधिक असेल, तर अस्तराचा छोटा तुकडा तपासणीला पाठवतात. आई संकोचामुळे ‘थांबले आहे ना आता’ म्हणतील. त्यांच्या पिढीत ते होतेच. तुम्ही सोबत जा.

दीर्घकाळाच्या परिणामांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण पुढच्या इंजेक्शनचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. एखाद्या इंजेक्शनने माणसाला सहसा कुशिंगचा आजार, म्हणजे शरीरात स्टिरॉइड अति झाल्याने होणारा आजार, होत नाही. वारंवार घेतलेल्या इंजेक्शनांनी तो होतो, आणि काही औषधे सोबत असतील, तर एका इंजेक्शनानेही होतो. ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन यकृतातल्या ज्या विकराने (एन्झाइमने) निकामी होतात, तो विकर एचआयव्हीच्या उपचारातील रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट, बुरशीवरचे इट्राकोनाझोल, तसेच क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे अडवून धरतात. मग सांध्यातून झिरपणारे स्टिरॉइड रक्तातून हटतच नाही. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत हट्टी गजकर्णाची जी साथ आहे, तिच्यामुळे इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिना-महिना घेणारे रुग्ण गावोगाव आहेत, आणि त्वचेच्या औषधाचा खांद्याच्या इंजेक्शनशी संबंध असेल हे त्यांच्या मनातही येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसलेल्या एका बाईंचा चेहरा सहा आठवड्यांत गोल झालेला होता, दंडावर निळे डाग होते, आणि कॉर्टिसॉलचा आकडा मात्र जवळजवळ शून्य. चेहरा अति स्टिरॉइडचा आणि अहवाल अति कमतरतेचा, अशी विसंगती दिसली की बाहेरून आलेले स्टिरॉइड शोधायचे असते, कारण ट्रायमसिनोलोन कॉर्टिसॉलच्या चाचणीत सहसा दिसत नाही, त्याने झोपवलेली ग्रंथी तेवढी दिसते. त्यांच्या फाईलमध्ये एवढेच लिहिलेले होते: ‘उजव्या खांद्यात इंजेक्शन दिले.’ कोणते, किती, काहीच नाही. कॅप्सूलचे पाकीट त्यांनी पिशवीच्या तळातून काढून दाखवले तेव्हा उलगडा झाला. एचआयव्हीची औषधे चालू असणाऱ्यांनी ती गोष्ट हाडांच्या डॉक्टरांपासून लपवू नये, आणि इंजेक्शनसाठी ती औषधे स्वतःहून कधीही बंद करू नयेत. दोन्ही डॉक्टरांनी मिळून वेगळा मार्ग काढता येतो.

वारंवार घेतलेल्या स्टिरॉइडची आणखी एक खूण मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मांड्यांचे स्नायू बारीक होणे. पाटावरून किंवा खुर्चीवरून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढवत नाही, आणि रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, गुडघा पुन्हा धरला.’ गुडघा दाबून पाहिला तर तो शांत असतो, कमजोरी मांडीत असते. इथे आणखी एक इंजेक्शन दिले गेले, तर ज्या कारणाने उठता येत नाही तेच कारण वाढवले जाते. आईंना बसलेल्या जागेवरून हात छातीशी धरून उठायला सांगा आणि काय होते ते पाहा. शिवाय सांधेदुखीवर कुठले चूर्ण, पुड्या किंवा नाव नसलेल्या गोळ्या त्या घेतात का, हेही प्रेमाने विचारा. अशा पुड्यांत न सांगता मिसळलेले स्टिरॉइड आपल्या देशात पुन्हा पुन्हा सापडले आहे, आणि ते असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो.

पुढच्या इंजेक्शनाविषयी माझे मत असे. एका सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिने असावेत आणि वर्षाला तीन-चारपेक्षा अधिक होऊ नयेत, ही मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे. तीन महिने झाले म्हणून इंजेक्शन घ्यायचे नसते, दुखते आणि सुजते म्हणून घ्यायचे असते. झिजलेल्या गुडघ्यांत दर तीन महिन्यांनी दोन वर्षे 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन देऊन 2017 साली अमेरिकेत जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साध्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा वेदना अधिक कमी झाल्या नाहीत आणि कूर्चा मात्र अधिक झिजली. तरीही सुजलेल्या, रात्री झोपू न देणाऱ्या गुडघ्याला एखादे इंजेक्शन काही आठवडे मोठा दिलासा देते, आणि तो दिलासा मी कमी लेखत नाही. त्या आठवड्यांत मांडीचे व्यायाम सुरू झाले आणि वजन थोडे उतरले, तर पुढचे इंजेक्शन लांबते. आईंचे गुडघे आत्ता शांत आहेत, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे जायची वेळ हीच आहे, अर्थात अंधारी थांबल्यावर.

इंजेक्शनची गरज पडलीच, तर आईंसाठी मी एका वेळी एकच गुडघा घेईन, दुसरा काही आठवड्यांनी, आणि कमी मात्रा पुरेल का हे हाडांच्या डॉक्टरांना विचारेन. तीन महिन्यांची सरासरी साखर फार चढलेली असेल, तर आधी ती खाली आणेन. लग्नकार्य आणि सण टाळून साधा आठवडा निवडेन, म्हणजे पहिले पाच-सहा दिवस जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजता येईल. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया जवळपास ठरत असेल, तर जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे तिच्या आधीचे तीन महिने इंजेक्शन घेऊ नये. दिलेल्या औषधाचे नाव, मिलिग्रॅम, कोणता सांधा आणि तारीख हे फाईलमध्ये लिहून मागावे. हे मागण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आणि यांतले काहीही ठरवण्याआधी सकाळच्या कॉर्टिसॉलचा आकडा आणि सोनोग्राफीचा अहवाल हे दोन कागद तुमच्या हातात हवेत. ते आले की साखरेच्या वहीसह कळवा, औषधांचे नेमके काय करायचे ते त्यावरून सांगता येईल.